साथीत पडलेला खाडा कुणी भरून द्यायचा?

परळची_मीरा (धागाकर्ती)

मी लोअर परळला एका छापखान्यात हिशेब आणि मस्टर बघते. आम्ही चौदा जण आहोत. औषधांच्या खोक्यांची छपाई असल्यामुळे टाळेबंदीतही आमचं काम चालूच होतं.

एप्रिल 2021, कोविडची दुसरी लाट. बायंडिंगला एक काका होते, शिवडीहून यायचे. दारात वॉचमन कपाळाला थर्मामीटर लावायचा. काका रोज व्यवस्थित आत यायचे, पण दुपारपर्यंत डोळे लाल व्हायचे. चौथ्या दिवशी खिळ्याला टांगलेला त्यांचा शर्ट खाली पडला म्हणून मी उचलला. खिशात तापाच्या गोळ्यांची पट्टी होती, दहातल्या सात संपलेल्या. गल्लीच्या तोंडाशी थांबून गोळी घ्यायची, अर्धा तास बसायचं आणि मग दारात यायचं, असा त्यांचा क्रम होता. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, चौदा दिवसांचा खाडा पडला तर गावाला काय पाठवू?"

त्या आठवड्यात आम्ही तिघं पॉझिटिव्ह आलो. त्यात मीही होते. मशीनवरचा मुलगा अकरा दिवस ऑक्सिजनवर होता. सगळे वाचले. महिनाअखेरीला मस्टर माझ्यासमोर आलं आणि काकांच्या रकान्यात लाल पेनाने चौदा वेळा "खा" लिहिणारी मीच होते. ती ओळ मला अजून दिसते.

तेव्हापासून मनात एकच प्रश्न आहे. साथीत माणसाला घरी बसवतो तो त्याच्या एकट्याच्या भल्यासाठी नाही, आपल्या सगळ्यांसाठी. मग त्या चौदा दिवसांचा पगार त्याच्या एकट्याच्या खिशातून का जावा? आणि मालकाच्या तरी का जावा? तो सरकारी तिजोरीतून यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तुमचे अनुभव सांगा. विरोधी मत असलं तर तेही मांडा, मला ते ऐकायचं आहे.

दादर_पश्चिम

वाचून पोटात कालवलं. फक्त एक सांगतो. माझ्या ऑफिसात चाळीस-चाळीस अर्जित रजा शिल्लक असलेले लोकही खोकत यायचे. रजा मागणं म्हणजे कामचुकारपणा ही समजूत आपल्यात खोल मुरलेली आहे. शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मिळायचं, तिथपासून. नुसत्या पैशाने ती जाणार नाही.

कोकणकन्या_ठाणे

@दादर_पश्चिम, समजूत आहे हे मान्य. पण रजा शिल्लक असून न घेणारा आणि रजाच नसलेला यांना एका रांगेत बसवू नका. पहिल्याला समजावता येतं. दुसऱ्याला काय समजावणार?

साकीनाका_वर्कशॉप

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना, 22 कामगार. मीराताईंचा "मालकाच्या तरी का जावा" हा प्रश्न वाचला म्हणून लिहितोय, नाहीतर अशा चर्चेत आम्ही आधीच दोषी ठरलेले असतो.

29 मार्च 2020 ला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश आला की टाळेबंदीत कुणाचाही पगार कापायचा नाही. मशीन बंद, गिऱ्हाईकांनी बिलं अडवलेली, शेडचं भाडं चालू. मार्चचा पगार पूर्ण दिला. एप्रिलचा बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून दिला, तोही अर्धाच जमला. मग 18 मेपासून तो आदेशच मागे घेतला गेला. 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक-कामगारांनी बसून तडजोड करावी, मालकांवर सक्तीची कारवाई नको. म्हणजे ज्याने आदेश मानला तो बुडाला आणि ज्याने नाही मानला तो निभावून गेला.

मदत म्हणून प्रॉव्हिडंट फंडाची योजना होती. मालकाचा आणि कामगाराचा मिळून 24 टक्के हप्ता सरकार भरणार. अट अशी की शंभरपर्यंत कामगार आणि त्यातले 90 टक्के 15,000 च्या खालच्या पगाराचे. माझ्याकडे तिघांना 15,000 च्या वर पगार होता. 22 पैकी 19 म्हणजे 86 टक्के. बाद! तिघांना बरा पगार देत होतो म्हणून बावीसजणांची मदत गेली.

दुसऱ्याच्या खिशातून धर्म करायला सांगणं म्हणजे सरकारी मदत नव्हे.

शिवाजीपार्क_ते_एडिसन

मी मूळची दादरची, आता न्यू जर्सीत आहे. इथे जे झालं ते मीराताईंच्या प्रश्नाला थेट लागू आहे म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेत देशपातळीवर भरपगारी आजारी रजेचा कायदा नाही, आजही नाही. पण 18 मार्च 2020 ला एका तातडीच्या कायद्यावर सही झाली आणि 1 एप्रिलपासून 31 डिसेंबरपर्यंत तो लागू राहिला. पाचशेपेक्षा कमी माणसं असलेल्या खासगी कंपनीने कामगाराला 80 तास, म्हणजे दोन आठवडे, भरपगारी रजा द्यायची. स्वतः आजारी असलात किंवा विलगीकरणात असलात तर पूर्ण पगार, दिवसाला जास्तीत जास्त 511 डॉलर. घरच्या कुणाची काळजी घ्यायला थांबलात तर दोन तृतीयांश, कमाल 200 डॉलर. मुलांची शाळा बंद म्हणून थांबलात तर बारा आठवड्यांपर्यंत रजा, त्यातले पहिले दोन या नव्या रजेखाली बिनपगारी, पुढचे दहा दोन तृतीयांश पगारावर.

आता साकीनाकावाल्या दादांसाठी महत्त्वाचं. हे पैसे मालकाने आधी द्यायचे, पण पगारामागे सरकारला जो कर भरावा लागतो त्यातून तेवढी रक्कम वळती करून घ्यायची. कर कमी पडला तर उरलेले पैसे सरकारकडून मागायचे. म्हणजे हात मालकाचा, पैसा तिजोरीचा.

मी तेव्हा एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते, आठ जणांचा स्टाफ. माझी मुलगी पहिलीत. मला त्यातले सहा आठवडे मिळाले. डॉक्टरांनी स्वतः फॉर्म छापून माझ्यासमोर ठेवला, कारण त्यांच्या खिशाला तोशीस नव्हती. तोशीस असती तर त्यांनी तो तितक्याच प्रेमाने ठेवला असता का, मला शंका आहे.

भोकंही मोठी होती. पाचशेच्या वरच्या कंपन्या वगळलेल्या, म्हणजे प्रचंड दुकानांच्या साखळीत काउंटरवर उभी असलेली माणसं बाहेर. दवाखाने-इस्पितळांच्या मालकांना आपल्या कर्मचाऱ्यांना वगळायची मुभा, म्हणजे सगळ्यात जास्त धोक्यातली माणसंही बाहेर राहू शकत होती.

नाक्यावरचा

ताई, माहिती चांगली दिलीत. पण त्यांच्याकडे मालक आणि कामगार यांच्यामध्ये पगारपत्रक नावाचा कागद असतो. मी कांदिवलीच्या एका नाक्यावर सकाळी आठला उभ्या राहणाऱ्या लोकांबरोबर काम करतो. तिथे मालक रोज वेगळा. मुकादम रिक्षातून उतरतो, चार बोटं दाखवतो, चौघं जातात. यांची रजा कोण मंजूर करणार, आणि कुठला कर वळता करणार?

बांधकाम मजुरांसाठी मंडळ आहे. 1996 च्या कायद्याने बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकर त्यासाठीच लागू केला. एप्रिल 2020 मध्ये नोंदणीकृत मजुरांच्या खात्यात 2,000 रुपये आले, पुढे एप्रिल 2021 च्या निर्बंधांत 1,500. पण नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नव्वद दिवसांत साठ मालक बदललेल्या माणसाला दाखला कोण देणार? माझ्या ओळखीच्या चाळीसजणांत सहाजणांकडे कार्ड होतं. त्या सहाजणांच्या मोबाईलवर मेसेज आला तेव्हा बाकीचे चौतीस तिथेच उभे होते. कुणी काही बोललं नाही. एकाने फक्त विचारलं, "ते कार्ड कुठं मिळतं?"

चार_घरची_लेक

माझी आई गोरेगावला चार घरी धुणीभांडी करते. मार्च 2020 मध्ये सोसायटीने गेटवर कागद लावला, बाहेरच्या बायकांना प्रवेश बंद. आईने तो कागद मला मोबाईलवर फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, "काय लिहिलंय बघ."

चारपैकी दोन घरांनी पूर्ण पगार दिला, पाच महिने. त्यातल्या एक आजी तर दर एक तारखेला फोन करून "मिळाले का गं?" विचारायच्या. तिसऱ्यांनी एक महिना दिला. चौथ्यांनी फोन उचलला नाही. चौथ्यांवर माझा राग नाही, त्यांचीही नोकरी गेली होती हे नंतर कळलं.

मला म्हणायचंय ते हे, की आईचा पगार चार माणसांच्या चांगुलपणावर टांगलेला होता. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना 1,500 रुपये जाहीर केले. घरकामगारांसाठी 2008 चा कायदा आहे, मंडळ आहे. पण आईची नोंदणीच नव्हती, आणि असं काही असतं हे आम्हाला त्या बातमीवरून कळलं.

शिफ्टवाला_भाऊ

रिक्षावाल्यांना पण त्याच वेळी 1,500 जाहीर झाले होते. परवानाधारकांना. मी दुसऱ्याची रिक्षा रात्रपाळीला भाड्याने चालवतो. परवाना शेठच्या नावावर. पैसे शेठच्या खात्यात. शेठ भला माणूस, त्याने अर्धे मला दिले. 750 रुपये. गॅस सिलिंडर आला.

ईएसआय_वाचा

इतक्या वेळात कुणी ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, नाव काढलं नाही म्हणून लिहितो. मी पंचवीस वर्षं याच कागदांत आहे.

महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगाराला, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, हा विमा लागू होतो. कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के. आजारी पडलात तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या 70 टक्के भत्ता थेट बँकेत येतो. पहिले दोन दिवस धरत नाहीत. मालकाने खाडा मांडला तरी भत्ता येतोच, कारण तो मालक देत नाही. नोकरी गेली तर वेगळी योजना आहे, कोविडमध्ये तिचा दर 25 वरून 50 टक्के केला होता, 90 दिवसांपर्यंत.

म्हणजे मीराताई म्हणतात ती यंत्रणा निम्मी उभी आहे. अडचण वेगळीच आहे. सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि नव्या माणसाला आजारपणाचा भत्ता नोंदणीपासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. साथ दारात आल्यावर नाव घालून उपयोग नाही. विहीर आधी खणावी लागते.

आणि मीराताई, एक विचारतो, राग मानू नका. चौदा माणसं म्हणजे तुमच्या छापखान्याला ईएसआय लागू आहे. काकांचं नाव होतं का?

पेजप्रेमी

विषय गंभीर आहे, जरा श्वास घेतो. चौदा दिवस खोलीत बंद असताना मला उकड्या तांदळाची पेज आणि लिंबाचं लोणचं यांनी तारलं. जिभेला चव नव्हती, पण लोणच्याचा आंबटपणा तेवढा कळायचा. ज्या दिवशी पेजेतलं मीठ कळलं त्या दिवशी मी आईला खोलीतून ओरडून सांगितलं आणि ती रडायला लागली.

कोकणकन्या_ठाणे

आमच्याकडे पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा. वासच येईना तेव्हा नवरा म्हणाला, आता नक्की टेस्ट करूया. बांगड्याचा वास न येणं हीच आमची टेस्ट. :)

पेजप्रेमी

मुंबईतल्या प्रत्येक वॉर्डात एक बांगडा केंद्र उघडायला हवं होतं. :)

मांडवी_इतिहास

पेजेवरून परत साथीकडे आणतो. हे शहर या प्रश्नातून आधी गेलेलं आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ब्यूबॉनिक प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली, गिरण्या ओस पडल्या. एरवी गिरणी कामगाराचा पगार महिन्याने, तोही थकवून दिला जायचा, म्हणजे माणूस अडकून राहतो. प्लेगमध्ये कामगार टिकवायला गिरण्यांना रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली. उद्या आपण जिवंत असू की नाही, तर महिनाभर थांबायचं कशाला, असा कामगाराचा साधा हिशेब होता.

त्याच साथीमुळे 1897 चा साथरोग कायदा आला. 2020 मध्ये आपल्यावर जे निर्बंध आले त्यांत तोही वापरला गेला. माणसाला अडवायचे, तपासायचे, वेगळं ठेवायचे अधिकार त्यात आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. पण कलम 2 नीट वाचा. होणारा खर्च कुणी आणि कसा भरायचा हे ठरवायचा अधिकारही तिथेच सरकारला दिलेला आहे, आणि त्या खर्चात, द्यायची झाल्यास, नुकसानभरपाईही धरलेली आहे. म्हणजे घरी बसवलेल्या माणसाला भरपाई द्यायचं दार सव्वाशे वर्षं किलकिलं आहे. ते पूर्ण उघडायला नवा कायदाच लागेल असं नाही.

करदाता_अंधेरी

सगळ्यांबद्दल सहानुभूती ठेवून विरोधी मत मांडतो, धागाकर्तीने मागितलंय म्हणून. पैसा येणार कुठून? कर भरणारे मूठभर. आणि खोट्या दाखल्यांचं काय? दोनशे रुपयांत कुठलाही आजार लिहून देणारे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. चौदा दिवस भरपगारी मिळतात म्हटल्यावर निम्मी मुंबई गावाला जाईल.

रात्रपाळी_नर्स

@करदाता_अंधेरी, मी सांगते खरी माणसं काय करतात. मी एका मोठ्या इस्पितळात कंत्राटी नर्स होते, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. एकाच वॉर्डात, एकाच पीपीई किटमध्ये कायम नर्स आणि आम्ही. ती पॉझिटिव्ह आली की विशेष रजा. मी पॉझिटिव्ह आले तेव्हा सतरा दिवसांचे पैसे कापले गेले. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना तर जून 2021 मध्ये घरातलं कुणी पॉझिटिव्ह असेल तरी 15 दिवसांची विशेष रजा मिळाली. योग्यच होतं ते. मला तिची मिळालेली रजा खुपत नाही. माझ्यासारखीला काहीच नव्हतं, ते खुपतं.

पाचव्या दिवशी मेट्रनना फोन करून मी स्वतः विचारलं, ताप उतरलाय, येऊ का? त्या नको म्हणाल्या. कुणी गावाला पळत नव्हतं, दादा. आम्ही कामावर पळत होतो. तेच तर संकट होतं.

करदाता_अंधेरी

ताई, वाचलं. खोट्या दाखल्याचा मुद्दा तुमच्यासारख्यांसाठी नव्हता, पण तुम्ही म्हणता ते कळलं. पैशाचा प्रश्न मात्र राहतोच.

निवृत्त_मंत्रालय

पैशाच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर छापलेलं आहे. चिठ्ठी काढा आणि "व्यवसाय कर" ही ओळ बघा. महिना 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. हा कर कशासाठी लागला ते आज कुणाला आठवत नाही.

1972 चा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला, आमच्याकडे माणगंगेच्या काठी. आई-वडील खडी फोडायला जायचे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर पसरली, आणि तिला कायमचा पैसा हवा म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी द्यायचा, शहरात सर्वात जास्त जमायचा, आणि दुष्काळात कामावर येणाऱ्याला मजुरी द्यायची. 1977 मध्ये हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. देशाने तसा कायदा 2005 मध्ये केला.

म्हणजे पुढच्या दुष्काळांत परळच्या गिरणीतल्या कारकुनाने माझ्या आईसारख्यांच्या खडीचे पैसे भरले. त्याने कधी विचारलं नाही की माणदेशात निम्मे लोक खोटं खडी फोडतात का. आता पन्नास वर्षांनी संकट मुंबईच्या खोलीत आलं आणि उपाय खडी फोडणं नसून घरी बसणं हा होता, तर त्याच पद्धतीने घरी बसायची हमी का देता येऊ नये? दुष्काळात काम हा हक्क होऊ शकतो, तर साथीत विश्रांती हाही होऊ शकतो.

साकीनाका_वर्कशॉप

काका, इतकी वर्षं 200 कापतोय आणि हे माहीत नव्हतं. उद्या कामगारांना सांगतो.

मस्जिद_बंदर_माथाडी

नाक्यावरच्या दादांनी विचारलं की मालक रोज वेगळा असेल तर रजा कोण देणार. आमच्याकडे बघा. मी माथाडी. सकाळी एका गाळ्यावर साखरेची पोती, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर सुपारी. दिवसात तीन व्यापारी. पण 1969 पासून आमचा कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हमालांनी भांडून मिळवलेला. व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे वरची वर्गणी, भरतो. लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस आणि पगारी रजा. मंडळ आमच्या खात्यात जमा करतं. मालक दहा असू देत, वही एकच.

घरकाम करणाऱ्या ताईंची चार घरं आणि माझे चार गाळे यात फरक काय? त्यांच्या मंडळाला आमच्या मंडळासारखी वही द्या. मग साथीत सरकारने त्या वहीत एकरकमी भर घालायची. नाव शोधत बसायला नको.

चार_घरची_लेक

काका, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वही एकच, हे बरंय. चौघींकडे हात पसरायला नको."

साकीनाका_वर्कशॉप

परत मूळ प्रश्नावर येतो. मी मालक म्हणून कशाला तयार आहे ते सांगतो. कामगाराने आजारपणाची चिठ्ठी दिली की पैसे सरकारने सरळ कामगाराच्या खात्यात पंधरा दिवसांत टाकायचे. मी मध्ये नको. "आधी तुम्ही द्या, नंतर परतावा घ्या" हे अमेरिकेत चाललं असेल, इथे परताव्याची वाट बघता बघता माझा कारखाना विकावा लागेल. मध्ये नसलो तर मी स्वतः गेटवर उभा राहून तापवाल्याला घरी पाठवीन.

आणि पहिल्या सात दिवसांना दाखला मागू नका. साथीत दवाखान्याच्या रांगेत उभं राहणं हाच धोका होता.

ईएसआय_वाचा

सात दिवसांच्या मुद्द्याला अनुमोदन. जी माणसं विम्याच्या वहीत आहेत त्यांना साथ जाहीर झाली की 70 चे 100 टक्के करायचे, वरचे 30 तिजोरीने भरायचे, 78 दिवसांची आणि नऊ महिन्यांची अट तेवढ्यापुरती उठवायची. यात नवीन ऑफिस उघडावं लागत नाही. वहीबाहेरच्यांना मात्र आधी वहीत आणावं लागेल, आणि ते काम शांततेच्या काळातच होतं.

परळची_मीरा (धागाकर्ती)

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. ईएसआयवाल्या दादांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला दोन दिवस लावले, कारण ते द्यायला जड जात होतं.

काकांचं नाव नव्हतं. आम्ही चौदा होतो, पण कागदावर नऊच. दहावा माणूस कागदावर आला की विमा लागू होतो, म्हणून पाचजणांचा पगार वेगळ्या वहीत, रोख. ती वेगळी वहीही मीच लिहायची. काकांना त्या चौदातल्या बारा दिवसांचे 70 टक्के मिळू शकले असते. त्यांनी गोळ्या घेऊन यायची गरज नव्हती. नोकरी जाईल म्हणून मी तेव्हा गप्प राहिले.

काका आता गावी असतात, संगमेश्वरकडे. परवा फोन केला, सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "आता किती जण आहात कागदावर?"

म्हणून काल मालकांसमोर चौदा नावांची यादी ठेवली. 16,000 पगाराला कामगाराचे 120 आणि मालकाचे 520, असं प्रत्येकापुढे मांडून दाखवलं. आजारी पडला तर दिवसाला साधारण 373 रुपये येतात तेही लिहिलं. ते बराच वेळ यादीकडे बघत होते. मग म्हणाले, सोमवारी आधार कार्डं गोळा कर. दोघं मुलं 120 कापायला तयार नाहीत, त्यांच्याशी आज जेवणाच्या सुट्टीत बसणार आहे. नर्सताईंचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवेन म्हणते, चालेल ना?

रात्रपाळी_नर्स

चालेल काय, वाचाच. आणि सतरा दिवसांचे किती कापले होते तेही सांगा त्यांना. 11,300.

ईएसआय_वाचा

मीराताई, सोमवारी एवढं करा. नोंदणीत दवाखाना निवडायला लागतो, तो छापखान्याजवळचा नको, ज्याच्या त्याच्या घराजवळचा घाला. तापात माणूस परळपर्यंत येणार नाही. घरच्यांची नावं आणि फोटोही त्याच वेळी भरून टाका, नंतर कुणी भरत नाही. कुठे अडलात तर इथेच विचारा, मी रात्री नऊनंतर असतो.